मेरिडियन की अल्बियन

रिमोटवरचं आवाज बंद करायचं बटण झिजून पांढरं पडलं होतं, आणि हेस्टर प्रिंगलचा अंगठा त्याच्यावर इतका वेळ टेकून होता की बटण कुठे संपतं आणि नख कुठे सुरू होतं हे तिला आता कळत नव्हतं... दाबलं की उजवीकडच्या पडद्यावरची माणसं मुकी होत, नुसते जबडे हलत, आणि मुक्या जबड्यांकडे बघताना तिला बरं वाटे. तसं वाटू नये हे तिला माहीत होतं. तिला इथे न्याय करायला बसवलं होतं.

भिंतीवर दोन पडदे. डावीकडे अल्बियन, उजवीकडे मेरिडियन. दोन्ही अखंड बातम्यांच्या वाहिन्या, वर्षानुवर्षं एकमेकींच्या उरावर बसलेल्या. आणि आता दोघींना एकाच मालकाने विकत घेतल्यामुळे त्यातली एकच राहायची होती. मालकांच्या वतीने हे सगळं बघणारी ओडेट मार्शंट पहिल्या दिवशी चहाचा मग तिच्यापुढे ठेवत म्हणाली होती, "आठवडाभर बघा. गुरुवारी संध्याकाळी मला एक पान द्या. कोणती सरस, का, आणि खाली एक नाव."

"आणि दुसरी?"

"दुसरीचं आम्ही बघतो," ओडेट म्हणाली होती, म्हाताऱ्या मांजराला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलेल्या घरात बोलतात तशा आवाजात. "तुम्हालाच का बोलावलं, विचारलं नाहीत. सगळे म्हणाले, हेस्टर प्रिंगल कुणाच्या बाजूची नाही. दोन्हीकडे काम केलंय, आणि कुणाबद्दल वाईट बोलत नाही."

वाईट बोलत नाही... खरंच, मी कधीच बोलले नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही. बोलण्याने राग पातळ होतो, आणि मला तो तसाच हवा होता — घट्ट, झाकण लावलेला. मेरिडियन सोडल्यापासून तिने ती वाहिनी लावली नव्हती. दाताच्या दवाखान्यात, पबमध्ये, विमानतळावर, जिथे जिथे तो निळा पडदा दिसे तिथे ती पाठ करून बसे. हॅमरस्मिथच्या स्टेशनात मेरिडियनच्या निवेदकाचा, अ‍ॅलिस्टर क्वेलचा, भलामोठा चेहरा लावलेला असायचा, 'आम्ही खात्री करतो' असं खाली लिहिलेला. त्या चेहऱ्यासमोरून रोज जायला नको म्हणून एक वर्षभर ती आधीच्या स्टेशनवर उतरून चालत गेली होती. आणि आज गुरुवार होता, आणि त्या माणसाची वाहिनी — आता तर तो निवेदक नव्हता, सगळ्या वाहिनीचा प्रमुख होता — तिच्या अंगठ्याखाली होती.

वाक्य तयार होतं. सोमवारी रात्रीच झालं होतं, आंघोळीच्या टबात. 'मेरिडियनकडे रुबाब आहे, पण भरवसा नाही.' ते ती दिवसातून कितीदा तरी मनात म्हणून बघायची आणि दर वेळी जिभेवर काहीतरी गोड विरघळल्यासारखं व्हायचं. त्याला पुरावा हवा म्हणून ती मेरिडियनच्या चुका वेचत होती. मंगळवारी पडद्याखालच्या पट्टीत एका मंत्र्याचं नाव चुकलं, बुधवारी पावसात उभ्या केलेल्या वार्ताहराला बंद दारासमोर तोच प्रश्न तीनदा विचारला. अल्बियनच्या चुका तिच्या डोळ्यांना दिसत होत्या पण हाताला लागत नव्हत्या. अल्बियनला सगळंच तातडीचं होतं. लाल पट्टी कधी उतरतच नसे, दोन पाहुणे आणून झुंजवले की त्यांची बातमी झाली. हवामान मात्र छान सांगत. तिने लिहिलं: हवामान उत्तम. आणि स्वतःशीच हसली.

जेवणाच्या सुमाराला हॅदर्स्ली नावाच्या गावात पोहण्याच्या तलावाचं छप्पर कोसळलं.

दोन्ही पडदे जवळजवळ एकदमच बदलले. अल्बियनने हेलिकॉप्टर पाठवलं; वरून ते छप्पर पाय पडलेल्या केकसारखं दिसत होतं. कुणीतरी शेजारीण रडत होती आणि कॅमेरा तिच्या अगदी तोंडाशी नेला होता. आत शाळेची मुलं होती, असं ती म्हणत होती, किंवा असायची, गुरुवारी असायची. थोड्याच वेळात लाल पट्टीवर आलं: पाच जण ठार.

हेस्टरची पाठ ताठ झाली. शाळेची मुलं... नऊ वर्षांपूर्वीचा डोंगरातला तो रस्ता, धुकं, उलटलेली बस. ती तेव्हा मेरिडियनच्या कंट्रोल रूममध्ये ड्युटीवरची संपादक होती आणि समोर काचेपलीकडे अ‍ॅलिस्टर, कानात तिचा आवाज घेऊन बसलेला. त्याच्या मांडीवरच्या फोनवर कुणा ओळखीच्या फौजदाराचा निरोप आला होता, आणि त्याने भुवई उचलून तिच्याकडे बघितलं, आणि ती म्हणाली — कानात, स्पष्ट, संथ — अजून नाही, अ‍ॅलिस्टर. अजून नाही. आणि त्याने कॅमेऱ्याकडे वळून, त्या मखमली आवाजात, सगळ्या देशाला सांगितलं की बसमधलं कुणीही वाचलेलं नाही. दोन मुली वाचल्या होत्या. त्यातल्या एकीची आई, मिसेस टॅटरसॉल, हातात किटली घेऊन टीव्हीसमोर उभी होती; अंधार पडेपर्यंत ती बाई मेलेल्या मुलीची आई होऊन बसली होती. चौकशी झाली. अ‍ॅलिस्टरने मान खाली घालून, फार दुःखाने, सांगितलं: मला कानात सांगितलं गेलं, मी बोललो. कानातलं बोलणं त्या काळी कुणी साठवून ठेवत नसे. हेस्टरच्या शेजारच्या खुर्चीत बर्निस होती, तिची मदतनीस, तिनेच शिकवून तयार केलेली — आणि बर्निस म्हणाली, गोंगाट होता, नीट ऐकू आलं नाही.

तब्येतीच्या कारणावरून राजीनामा. फुलं. एक कार्ड, सगळ्यांच्या सह्या असलेलं, अ‍ॅलिस्टरचीसुद्धा.

आता उजवीकडे बघायलाच हवं होतं. आता चूक करतील, आज तर नक्की करतील, अल्बियनने पाचाचा आकडा दिल्यावर किती वेळ दम धरतील... ती पुढे सरकून बसली, शिकार बघणाऱ्या माणसासारखी. मेरिडियनवर एक वेल्श बाई होती, नेरिस म्हणून, साधा करडा कोट घातलेली. ती म्हणत होती, "इतरत्र आकडे सांगितले जाताहेत. आमच्याकडे आकडा नाही. आत किती जण होते हे आम्हाला माहीत नाही. ज्यांची माणसं तिथे आहेत त्यांच्यासाठी हा फोन नंबर." मग ती थांबली. हात कानाशी गेला. कुणीतरी तिच्याशी बोलत होतं. आणि हेस्टरला तिच्या चेहऱ्यावरून कळलं काय बोलत होतं. नेरिस म्हणाली, "दोन वेगवेगळ्या माणसांनी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल, तरच आम्ही ते तुम्हाला सांगू."

ते वाक्य माझं आहे. ते मी कंट्रोल रूमच्या दारावर चिकटवलं होतं. त्या बाईच्या कानात कोण बसलंय हे मला दार न उघडता सांगता येईल.

फोन वाजला तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही. नंबर अनोळखी होता, आवाज नाही.

"हेस्टर? मी बर्निस. जिन्यात उभी आहे, दोन मिनिटंच. ... तूच बघतेयस ना आम्हाला? इथे सगळ्यांना कळलंय."

"कानात तू होतीस आत्ता."

"हो."

"चांगलं चाललंय," हेस्टर म्हणाली. ते खरं होतं, आणि खरं असल्याने तोंड कडू झालं.

"मी भीक मागायला फोन केलेला नाही. म्हणजे... केलाय. बाकीच्यांसाठी. मेकअपची डॉट आठवते तुला? अजून इथेच आहे, गुडघे गेलेत तिचे. या लोकांना आता कोण ठेवणार? आणि तुला अ‍ॅलिस्टरला धडा शिकवायचा असेल तर सांगते, तो वसंतात जातोच आहे. वाहिनी राहो नाहीतर बुडो. त्याचं सगळं ठरलंय, निरोपाचं जेवणसुद्धा. बंद पडली तर म्हणेल, माझ्याशिवाय चाललीच नसती."

हेस्टरने अंगठा रिमोटवरून काढला. म्हणजे तो सुटला. तिने काहीही लिहिलं तरी तो सुटला. घाव बसणार तो डॉटच्या गुडघ्यांवर. इतक्या वर्षांचं झाकण उघडून बघावं आणि आत भलत्याचंच जेवण असावं तसं तिला झालं, आणि त्या रिकामपणात राग एका जागेवरून उठला, खोलीभर हिंडला आणि नवीन खुर्ची शोधून तिच्यात बसला.

"त्या दिवशी तू काय ऐकलंस, बर्निस?"

पलीकडे जिन्यातून कुणीतरी धावत गेलं.

"आत्ता हे कशाला..."

"आत्ताच. काय ऐकलंस?"

"अजून नाही म्हणालीस. दोनदा." बर्निस म्हणाली. "मी अर्ध्या हातावर तुझ्या शेजारी होते. ऐकू कसं नाही येणार? माझी नोकरी तात्पुरती होती, हेस्टर. त्याने चौकशीच्या आदल्या दिवशी मला बोलावून कॉफी पाजली. काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, पुढे काय करायचा विचार आहे म्हणून."

"आणि पुढे काय केलंस ते मी बघतेच आहे."

"बोल. बोल तू, मला लागायलाच हवं."

"मला बोलायचं नाही. तू बोल. ओडेट मार्शंट माझ्या शेजारच्या खोलीत बसते. पाच वाजेपर्यंत असते. तिला फोन कर आणि आत्ता मला सांगितलंस ते सांग. त्याचं जेवण व्हायच्या आत."

"ते सांगितलं की मी पण गेले. खोटी साक्ष दिलेली बाई कोण ठेवेल कंट्रोल रूममध्ये?"

"तू जाशील. डॉट राहील कदाचित."

"म्हणजे मी फोन केला तर तू आमचं नाव लिहिशील?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"तू अशी नव्हतीस," बर्निस म्हणाली, आणि मग लगेच, "नाही, मला तसं म्हणायचा हक्क नाही." फोन बंद झाला.

हेस्टरने तो टेबलावर पालथा ठेवला. बाहेर पुलावरून गाड्या जात होत्या, नेहमीसारख्या, आणि तिच्या आत एक छान थंड शांतता पसरली होती, दात काढल्यावर गालात असते तशी. सौदा केलाच नव्हता. सौदा केला असता तर मी त्याच्यासारखी झाले असते. मी नुसतं तिला तिचं पुढचं दाखवलं... कॉफी न पाजता. हा विचार आला तसा तिने दूर ढकलला, पण तो फार लांब गेला नाही.

दुपार सरत गेली. अल्बियनच्या 'पाच ठार'चे तीन झाले, मग 'काही जण गंभीर', मग लाल पट्टीवरून आकडा गुपचूप गळून पडला आणि कुणी माफी मागितली नाही. शाळेची मुलं त्या दिवशी आलीच नव्हती. मेरिडियनने अग्निशमन दलाच्या प्रमुखाकडून आणि तलावाच्या व्यवस्थापिकेकडून, दोघांकडून, ऐकून घेतलं आणि मगच नेरिसने सांगितलं: दोन माणसं जखमी, एक साफसफाई करणारा आणि एक म्हातारी पोहणारी, दोघंही बोलताहेत. सांगताना ती हसली नाही. चुकून सुटकेचा एक श्वास तेवढा ऐकू आला. कोणती वाहिनी सरस हे आता रस्त्यावरच्या माणसालाही सांगता आलं असतं. नेरिसचा हात पुन्हा पुन्हा कानाशी जात होता, आणि हेस्टरच्या ध्यानात आलं की तिचेच ओठ हलताहेत. तो हात वर जायच्या क्षणभर आधी. थांब. आता कुटुंबाकडे जाऊ नकोस. आता फोन नंबर पुन्हा दे. आणि नेरिस तो पुन्हा देत होती, बर्निसच्या सांगण्यावरून, आणि ते सगळं इतकं बरोबर होतं की हेस्टरला पडद्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. त्याचा चेहरा मी इतकी वर्षं चुकवला. पण मी ज्याच्याकडे पाठ करून बसत होते तो त्याचा चेहरा होता की कंट्रोल रूममधली माझी ती खुर्ची?

ओडेट दारातून डोकावली. "बघितलंत ना आजचं? माझं पान तयार आहे?"

"खाली नाव घालायचंय फक्त."

"घाईचं नाही हं. मी आहे पाचपर्यंत." ती गेली. मधलं दार अर्धवट उघडं राहिलं.

हेस्टरने पान पुढे ओढलं. वरच्या ओळी तिने दुपारी कधीतरी पुन्हा लिहिल्या होत्या, न्यायाने, दोन्हीकडचं जसं होतं तसं. टबातलं ते वाक्य त्यात बसत नव्हतं म्हणून निघून गेलं होतं. वाचणाऱ्याला खाली कोणतं नाव येणार हे दिसत होतं. तरी ती पेन उचलत नव्हती. बर्निसने फोन केला तर... तर ते सगळं ओडेटच्या कानात जाईल, तिथून वर, अ‍ॅलिस्टरचं जेवण उलटेल, कुणीतरी मिसेस टॅटरसॉलला कळवेलसुद्धा. माणसं हेस्टरला पत्रं लिहितील, तुझ्यावर अन्याय झाला म्हणतील, आणि ती गोष्ट संपेल. मग सकाळी उठल्यावर काय? चहा, रेडिओ, खिडकीतली जिरेनियमची कुंडी. ज्या गोष्टीवर दात रोवून ती इतकी वर्षं ताठ चालली ती गोष्ट तोंडातून काढून घेतल्यावर तोंडाचं काय करायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. आणि बर्निस गप्प राहिली तर सगळं जागच्या जागी राहील. बर्निस पुन्हा तीच, खोटं बोलून गप्प बसलेली ठरेल. आणि तिचं नाव ज्या वाहिनीला चिकटलंय तिच्यावर, मग, निर्मळ मनाने काट मारता...

पलीकडच्या खोलीत फोन वाजला. ओडेट तिच्या त्या गोड आवाजात "बोला" म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. हेस्टर वळून बघत नव्हती. तो फोन बर्निसचा नसावा, दुसऱ्याच कुणाचा असावा, कुणाचाही, असं तिला वाटत होतं — मनापासून, जवळजवळ हात जोडल्यासारखं — आणि असं वाटतंय हे तिने पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.