कारण विचारणार नाही

ताईने पंचवीस वर्षं कापड कापलं आणि धाकट्याने बारा वर्षं दुसऱ्याच्या कंपनीत कोड लिहिला. दोघा बहीणभावांनी मिळून शिंप्यांसाठी अ‍ॅप काढलं, तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. पण अ‍ॅप गुणाचं निघालं. गिऱ्हाइकाची मापं घाला, कापडाचा पन्हा सांगा, की कुठला तुकडा कुठे बसवायचा ते फोन दाखवायचा आणि कापड वाया जायचं नाही. नऊशे शिंपी दरमहा पैसे भरून ते वापरत होते.

हे पैसे यायचे फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून, आणि येता येता शंभरातले तीस तिथेच राहायचे. या तिसांनी धाकट्याची झोप उडवली होती. राबायचं आपण आणि वाटा दारात बसणाऱ्याचा, हे तो कोणी विचारो न विचारो, प्रत्येकाला ऐकवायचा. नोकरी सोडून त्याला दोन वर्षं झाली होती आणि शिल्लक तळाला गेली होती. महिनाअखेरपर्यंत निदान चारशे शिंपी थेट त्यांच्याकडे पैसे भरायला लागले तर अ‍ॅप तगणार होतं. नाहीतर धाकट्याला जुन्या कंपनीच्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागणार होत्या.

आणि नशीब बघा, नेमका तेव्हाच नियम बदलला. पैसे आमच्याकडेही भरता येतात, असं अ‍ॅपमध्ये सांगायला स्टोअरने परवानगी दिली. धाकट्याने दोन दिवसांत अ‍ॅपमध्ये पैसे भरायचा नवा पडदा तयार केला. वर ठसठशीत हिरवं बटण, ‘थेट भरा, वीस टक्के स्वस्त’. स्टोअरचा पर्याय खाली कोपऱ्यात, करड्या रंगात, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. धाकटा स्वतःवर भलताच खूश होता. ताई म्हणाली, ट्रायल झाल्याशिवाय पक्की शिलाई मारायची नाही. तिने गल्लीच्या टोकाला कोट शिवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांना बोलावलं, कारण अ‍ॅपचं पहिलं गिऱ्हाईक तेच होते.

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. मी इतके दिवस जिथे पैसे भरतो ते कुठे गेलं, असं त्यांनी विचारलं. धाकट्याने कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“दडवून ठेवलंयस,” मास्तर शांतपणे म्हणाले, “म्हणजे त्यात माझ्या फायद्याचं काहीतरी असणार.”

धाकट्याने लगेच तिसांचं पुराण लावलं. मास्तरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग आपली बाजू सांगितली. एकदा कुठल्याशा साइटवर त्यांनी शिवणाचा वर्ग लावला होता. तो बंद करायला चार महिने गेले. दर वेळी फोनवर नवा माणूस यायचा आणि का बंद करताय म्हणून उलटतपासणी घ्यायचा. स्टोअरमध्ये एकदा बोट टेकवलं की विषय संपतो.

“तुला ते तीस म्हणजे खंडणी वाटते,” मास्तर म्हणाले. “मला त्यात सुटका मिळते. तेवढी सुटका तू देणार असशील तर बोल.”

ते गेल्यावर ताईने धाकट्याला शेजारी बसवून सगळा पडदा बदलायला लावला. दोन बटणं, एका मापाची, एका रंगाची. स्टोअरच्या बटणाखाली लिहिलं, ‘किंमत जास्त, बंद करणं सोपं.’ स्वतःच्या बटणाखाली लिहिलं, ‘वीस टक्के स्वस्त. बंद करायचं असेल तर या नंबरवर फोन करा. पैसे त्याच दिवशी परत. कारण विचारणार नाही.’ आणि नंबर टाकला तो चक्क स्वतःचा.

हा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्याचा प्रकार आहे, असं धाकटा तासभर सांगत राहिला. ताई म्हणाली, फसलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा माप द्यायला येत नाही. ताईपुढे त्याचं आजवर कधी चाललं होतं म्हणून आता चालणार.

तीन आठवड्यांत दोनशे ऐंशी जण थेट भरू लागले आणि गाडी तिथेच अडली. त्यात एका बाईने उच्छाद मांडला. तिने पैसे भरले आणि दोन दिवसांनी बंद करा म्हणून फोन केला. ताईने पैसे परत केले. आठवड्याभरात त्याच नंबरावरून पुन्हा पैसे आले आणि पुन्हा फोन. तिसरा फोन आला तेव्हा ताईच्या कात्रीखाली महागाचं कापड होतं. फोन कानाला असतानाच धाकटा मागून ओरडला, “ब्लॉक कर तिला. पैसे परत पाठवायलाही पैसे पडतात.”

ताईने कात्री खाली ठेवली, पैसे परत केले आणि पहिल्या वेळेच्याच आवाजात म्हणाली, “झालं. पुन्हा लागलं तर या.” मग धाकट्याकडे वळून तिने एवढंच विचारलं, “कारण विचारणार नाही असं लिहिलंय ना आपण?”

धाकट्याला तिचा राग आला आणि त्याच क्षणी तिचा अभिमानही वाटला. हे आपल्याला जन्मात जमणार नाही, हे त्याला कळून चुकलं. दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या साहेबांना जागा आहे का, असं विचारणारी मेल पाठवली.

महिना संपायला दोन दिवस असताना मास्तर आले. ताई माप घ्यायला बाहेर गेली होती. मास्तरांनी खिशातून घडी घातलेली यादी काढली. ते शिंप्यांच्या मंडळाचे अध्यक्ष होते, आणि त्या यादीत थेट भरायला तयार झालेल्या एकशे तीस जणांच्या सह्या होत्या.

“ती तीन वेळा फोन करणारी माझी सून,” मास्तर म्हणाले. “मीच करायला लावले. कापड घेताना मी दोरा ओढून बघतो आणि दुकान धरताना माल परत करून बघतो. पहिल्यांदा सगळेच हसून घेतात. खरा दुकानदार तिसऱ्यांदा कळतो.”

धाकट्याने बेरीज केली. चारशे दहा. मग त्याने विचारलं, “आणि तुम्ही, मास्तर?”

“मी स्टोअरवरच. या वयात सवय मोडत नाही.”

धाकटा हसला, पण मनातली टोचणी त्याला गप्प बसू देईना. “मास्तर, त्या नंबरला मी ब्लॉक करणार होतो.”

“ठाऊक आहे. सुनेने तुझा आवाज ऐकला होता,” मास्तर उठत म्हणाले. “म्हणूनच यादीच्या वर तुझ्या ताईचं नाव घातलंय. ती आली की तिच्या हातात दे.”