पडद्याखालच्या चपला

कारागिराची बायको दुकानाची पायरी चढताना दिसली आणि शिंपीमास्तर टुणकन उठून ट्रायल रूमच्या पडद्याआड गेले. बाहेर त्यांच्या पत्नीने ठरलेलं उत्तर दिलं, "हे बाहेरगावी गेलेत गं."

लपायला जागाही अशी, की तिन्ही बाजूंना आरसे! जिकडे बघावं तिकडे स्वतःचंच तोंड.

झालं होतं असं, की शेजारच्या दुकानात चोरी झाली आणि पोलिसांनी संशयावरून मास्तरांच्या कारागिराला उचललं. पहिल्याच सुनावणीत कोर्टाने जामीन मंजूर केला. पण ओळखीचा, पक्क्या पत्त्याचा जामीनदार उभा राहिला तरच सुटका. त्याने विश्वासाने मास्तरांचं नाव सांगितलं, आणि मास्तर इथे दडून बसले!

बाई गेली. तेवढ्यात मास्तरांची थोरली बहीण आपला वकिलीचा कोट दुरुस्तीला घेऊन आली.

"ये बाहेर. चपला दिसताहेत पडद्याखालून," ती म्हणाली. "कारागिराची बायको पायरीवर भेटली, सगळं कळलं. तिलाही दिसल्याच असतील."

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. "ताई, उद्या तो चोर ठरला तर? लोक मलाही चोराचा साथीदार म्हणतील!"

"अरे, जामीन राहणं म्हणजे तो निर्दोष आहे अशी शपथ घेणं नव्हे. तारखेला कोर्टात हजर राहील, एवढीच हमी. चोरी केली की नाही, ते कोर्ट बघेल. तू मात्र निकालाआधीच त्याला शिक्षा देतोयस."

"आणि पळून गेला तर? भुर्दंड मलाच ना?"

"हो, तुलाच. पण इतकी वर्षं दुकानाची किल्ली त्याच्याकडे होती. तेव्हा पळाला?"

मास्तर मुकाट्याने ताईबरोबर कोर्टात गेले आणि जामीन राहिले.

संध्याकाळी सुटून आलेला कारागीर त्यांच्या पाया पडायला वाकला. "ही म्हणाली, तुम्ही बाहेरगावी आहात. आल्या आल्या धावलात, मास्तर!"

त्याच्या बायकोची नजर मात्र मास्तरांच्या चपलांवर होती. तिने सारं पाहिलं होतं, तरी नवऱ्यापाशी त्यांची अब्रू राखली होती! मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाहेरगावी नव्हतो रे," ते कसेबसे म्हणाले. "पडद्याआड लपलो होतो."

मास्तरांनी खिशातून दुकानाची किल्ली काढून कारागिरापुढे धरली.

"उद्या उघडतो वेळेवर," किल्ली घेत तो म्हणाला.

मंडळी, दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. पण आपल्या माणसाला ओळख दाखवायची वेळ येते, तेव्हा पडद्याआड जायचं की पुढे यायचं, ते आपणच ठरवायचं असतं. आणि पडद्याखालून चपला दिसतातच!