आदेश आला नव्हता

मे महिन्यातल्या त्या मंगळवारी एका व्हिडिओ अ‍ॅप कंपनीच्या चिकलठाण्यातल्या कार्यालयात अकरा संगणक होते, अकरा हेडफोन होते आणि भिंतीवर त्रेचाळीस शब्दांची यादी होती. अ‍ॅपवरच्या व्हिडिओत यातला एखादा शब्द आला की तो तपासायचा. चार शब्द सरकारकडून आले होते. उरलेले एकोणचाळीस कंपनीने आपणहून घातले होते. 'टँकर' त्यातला सर्वांत ताजा.

सुकेशनीचे काम फोन करण्याचे. कंपनी सहसा स्वतः काही काढत नसे. टाकणाऱ्यालाच काढायला लावी आणि 'स्वेच्छेने काढले' अशी नोंद करी. मेंढरांमागे वाढलेली सुकेशनी खेड्यातल्या माणसांशी त्यांच्या बोलीत बोले. वर्षभरात तिचा एकही फोन वाया गेला नव्हता.

आजचा व्हिडिओ फुलंब्रीकडच्या आवडाबाईचा होता. हंड्यात टँकरचे हिरवट पाणी, मागे खाटेवर उलट्यांनी गळालेली दोन माणसे.

"मावशी, तेवढा व्हिडिओ काढून टाका बरं. उगं भानगड नको."

"कोन गं तू? तहसीलातली का?"

"नाय, अ‍ॅपच्या कंपनीतून बोलते."

"मंग पानी बदललं का?"

"ते... मला नाय माहीत."

"माहीत नाय अन् काढ म्हंती! अगं बाई, हाच टँकर उद्या म्होरल्या चार गावांत जातोय. त्यांला कोन सांगनार, तुझी कंपनी?"

पडद्यावर पाहणाऱ्यांचा आकडा चढत होता. एकशे बारा. एकशे चाळीस. सुकेशनीने फोनवर हात ठेवला आणि विभागप्रमुख साहेबरावांकडे वळली. "सर, सरकारकडून काढायचा आदेश आलाय का?"

"नाय आला. येऊच नाय म्हणून तर आपण बसलोय इथं. आदेश आला की अ‍ॅपच बंद. मग तुझी नोकरी, माझी नोकरी, सगळंच गेलं. दोन गोड शब्द बोल अन् मोकळी हो."

"लोक पितेत ते पाणी, सर."

"आपण काय पाणीपुरवठा खातं हाय का?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसले. सुकेशनीने हात बाजूला केला.

"मावशी, काढू नका. चारी गावांला पाठवा, आत्ताच. थोड्या वेळात आमचेच लोक काढतील तो."

तिने नोंद केली: 'महिलेचा नकार. काढल्यास कंपनीने काढले असे लिहावे.' खाली स्वतःचे नाव घातले.

साहेबरावांनी स्वतः येऊन बटण दाबले. त्या फोननंतर व्हिडिओ एकोणीस मिनिटे राहिला होता.

बुधवारी तीन गावांनी टँकर परत पाठवला. चौथ्या गावात त्या एकोणीस मिनिटांत कुणी लिंक उघडली नव्हती. तिथे शनिवारपर्यंत सव्वीस जणांना सलाइन लावावे लागले.