माझा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. तळहातावर मावतो, पण पोटात माणसांचे आवाज भरून ठेवतो. नवा होतो तेव्हा माझ्या कपाळावर लाल दिवा होता. तो लागला की समोरचा माणूस घसा खाकरून ताठ बसायचा. काय तो रुबाब! एका पत्रकाराने मला वर्षानुवर्षं मिरवलं. मग मोबाइल आले आणि मी खणात, वायरींच्या गुंत्याखाली जाऊन पडलो. दिवाही तिथेच बंद पडला. पुढे पत्रकाराच्या भाचीने मला बाहेर काढलं. तीच माझी ताई.

ताई कोरियन भाषेवर प्रबंध लिहीत होती. त्या भाषेत शब्दांना छोटी शेपटं लागतात. कोणी दिलं, काय दिलं, कोणाला दिलं, हे त्या शेपटांवरून कळतं. कधीकधी ‘काय’ आणि ‘कोणाला’ या दोघांना सारखंच शेपूट चालतं, कधी भलतंच खटकतं. कुठे चालतं आणि कुठे खटकतं, हे त्या भाषेत वाढलेल्या माणसालाच विचारावं लागतं. म्हणून आम्ही चष्म्याच्या दुकानातल्या आजींकडे जायचो. त्या मूळच्या कोरियाच्या, कोरियन ही त्यांची मातृभाषा.

ताई एकेक वाक्य वाचायची. “आजी, असं बोलाल तुम्ही?”

“हो हो, बोलेन की!”

“आणि असं?”

“तेही छान!”

ताईने मुद्दाम पार मोडकं वाक्य ठेवलं. तेही छान! ताईचा चेहरा उतरला. सगळ्यालाच ‘हो’, तर लिहायचं काय, कपाळ? सोमवारी मार्गदर्शक सरांना हे प्रकरण दिलं नाही, तर प्रबंध पुढच्या वर्षावर जाणार होता. तेवढ्यात सरांचाच फोन आला. ताईने घाईत माझं बंद करायचं बटण दाबलं आणि मला तिथेच ठेवून ती बाहेर धावली. बटण नीट दाबलंच गेलं नव्हतं. दिवा नव्हता, मग कळणार कोणाला? मी ऐकतच राहिलो.

आजींनी बहिणीला फोन लावला आणि त्या कोरियनमध्ये सुसाट सुटल्या. बाहुली दिली, पत्र पाठवलं, दुनियाभरच्या गप्पा! ताईला हवी होती ती शेपटं आपापल्या जागी टपाटप पडत होती. “पोर इतकी राबते गं, तिला नाही कसं म्हणू?” असं म्हणून त्या हसल्या. मग एकदम हळू बोलल्या, “मला आता डोळे तपासायच्या तक्त्याची खालची ओळ दिसत नाही. अक्षरं पाठ आहेत म्हणून निभतंय. मुलाला सांगू नकोस, तो दुकानच बंद करेल.”

संध्याकाळी ताईने मला कानाला लावलं. आधी ती खुर्चीतून उडालीच, “मिळालं!” मग खालच्या ओळीचं ऐकलं आणि मला थांबवलं. कितीतरी वेळ तिचं बोट माझ्या बटणांवर फिरत होतं. ठेवते की पुसते?

सकाळी तिने मला काउंटरवर ठेवलं. “आजी, काल हा चालू राहिला. मी सगळं ऐकलं.”

आजींच्या हातातली फ्रेम तशीच राहिली. “सगळं?”

“सगळं. पुसू का, ते तुम्ही सांगा.”

आजींनी फ्रेम खाली ठेवली.

“पुस,” आजी म्हणाल्या.

ताईने पुसलं. सोमवार, प्रकरण, सगळंच माझ्या पोटातून गेलं. ती मला पिशवीत टाकायला लागली, तर आजींनी तिचं मनगट धरलं.

“निघालीस कुठे? आधी याचा दिवा लावून आण. मग विचार काय विचारायचं ते. माझ्याकडे डोळे तपासायला येणारे लोकही ‘सगळं दिसतं’ म्हणतात गं. मीच त्यांना रागावते!”

दुपारी घड्याळजीने मला नवा दिवा बसवला. मी लाल झालो, आजी ताठ बसल्या. ताईने पहिलं वाक्य वाचलं.

“छे!” आजी म्हणाल्या. “असं कोणी बोलतं का?” आणि ताई आनंदाने ओरडलीच.

सोमवारी प्रकरण गेलं. आजींनी मुलाला स्वतःच सांगितलं. आता डोळे तपासायला तो बसतो आणि आजी शेजारच्या खुर्चीवरून त्याच्या चुका काढतात.

मित्रांनो, मला धुळीत टाकू नका, एवढं तर मी मागणारच. पण त्याआधी माझा दिवा जपा. कोणी ऐकत असेल, तर ते बोलणाऱ्याला दिसलं पाहिजे.