खांब कुणाच्या अखत्यारीत

चष्मेवाली त्या सकाळी मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासायच्या मशीनवर बसली होती. मशीनच्या आवाजात बाहेरचं काहीच ऐकू येत नसे. दोन तासांनी ती पुढे आली, तर दुकानाच्या पायरीसमोर एक लोखंडी खांब उभा. बुडाचं काँक्रीट अजून ओलं होतं आणि माणसं केव्हाच पसार झाली होती.

पायरीच्या दोन्ही बाजूंना कठडे होते. मधे साडेतीन फुटांची वाट आणि खांब तिच्या बरोबर मधोमध. सडपातळ गिऱ्हाईक आडवं होऊन कसंबसं आत शिरलं असतं. पण दुकानामागच्या दोन खोल्यांत तिच्या सासूबाई राहत होत्या. खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते, आणि डॉक्टरांनी रोज अर्धा तास रस्त्यावर चालायला बजावलं होतं. त्यांचा वॉकर दोन फूट रुंद. घराला दुसरं दार नव्हतं.

"तो वॉकर तिरका करून बघ," सासूबाई म्हणाल्या.

"तिरका केला, उलटा केला. आता मोडायचाच राहिलाय, आई."

नवरा जहाजावर नोकरीला. त्याने फोनवर शांतपणे सांगितलं, "नगरपालिकेत जाऊन ये, होईल काम." त्याच्या त्या 'होईल'वर ती इतकी चिडली, की फोन ठेवताना निरोपही घेतला नाही.

नगरपालिकेतल्या कारकुनाने नकाशा पसरला. "पदपथ आमचा. पण खांब टेलिफोनच्या तारांचा दिसतोय. दूरसंचाराचा विषय केंद्र सरकारकडे."

केंद्राच्या कार्यालयातला अधिकारी म्हणाला, "तार आमची. जागा राज्याने दाखवली. त्यांचा रस्ता आहे."

राज्याच्या बांधकाम खात्यातल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "आमचा रस्ता गटारापर्यंत. त्यापलीकडे नगरपालिका."

"म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच परत?"

"हो. आणि येताना दोन प्रती आणा."

पाच आठवडे तिने खेटे घातले. दुकान अर्धा दिवस बंद राहायचं, गिऱ्हाइकं कुरकुरायची. एका दुपारी ती घरी आली आणि चपला भिरकावून सासूबाईंसमोर मटकन बसली.

"तिघंही गोड बोलतात. तिघंही नकाशा दाखवतात. तो खांब आकाशातून पडलाय जणू!"

सासूबाईंची तीस वर्षं विधानसभेत लघुलेखिका म्हणून गेली होती. मंत्र्यांची भाषणं टिपता टिपता त्यांना राज्यघटना जवळपास पाठ झाली होती.

"अगं, सत्तेची वाटणी का करून ठेवलीय? सगळं एकाच्या हाती गेलं तर तो लोकांच्या डोक्यावर बसेल म्हणून. काही विषय केंद्राला, काही राज्याला, गावगाड्याचे नगरपालिकेला. ही मंडळी त्याच वाटणीआड लपतायत."

"ते सगळं खरं, आई. पण भांडायचं कुणाशी, ते तर कळायला हवं ना?"

"तुला कशाला कळायला हवं? घराबाहेर पडायचा हक्क माझा. तो कुणी अडवला, ते त्यांनी आपसात ठरवावं. तिघांनाही प्रतिवादी कर."

"कोर्टात? वकील कुठून आणू?"

"वकील बघू मागाहून. टाइपरायटर काढ आधी."

अर्ज सासूबाईंनी स्वतः टाइप केला. नऊ पानं. सून मागे उभी राहून "थोडक्यात लिहा ना" म्हणत होती आणि प्रत्येक वेळी एक ओळ वाढत होती. शेवटी ती बोलायचीच थांबली. ओळखीतल्या एका तरुण वकीलबाईंनी तो जवळजवळ तसाच दाखल केला.

तारखा पडत गेल्या. एकदा केंद्राचे वकील आजारी, एकदा राज्याचे कागद सापडेनात. चौथ्या महिन्यात सुनावणी झाली. तिघा वकिलांनी तीन नकाशे लावले. न्यायाधीश बाईंनी अर्धा तास त्यांचं ऐकून घेतलं.

"अर्जदार कुठे आहेत?"

"घरात," चष्मेवाली उठून म्हणाली. "त्याच खांबाच्या मागे. म्हणूनच तर आलेय मी."

न्यायाधीश बाईंनी नकाशे बाजूला सारले. "खांब लावण्याआधी या घराला कुणी विचारलं होतं? एक ओळीची सूचना तरी?"

तिघांच्याही फायलीत तसा कागद नव्हता.

निकाल सव्वा पानाचा होता. आठ दिवसांत खांब हलवायचा. कुणी हलवायचा ते तिघांनी ठरवायचं, नाही ठरलं तर तिघांच्याही प्रमुखांनी जातीने हजर व्हायचं. आणि यापुढे त्या भागात कुणाच्याही दारासमोर काहीही उभारण्याआधी लेखी सूचना द्यायची आणि त्याचं म्हणणं ऐकायचं.

सातव्या दिवशी तीन गाड्या आल्या. खांब उपटायला चाळीस मिनिटं लागली, कुणाच्या पहारीने उपटायचा यावर दोन तास.

सासूबाई वॉकर घेऊन बाहेर पडल्या. औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचल्या आणि धापा टाकत तिथल्या कठड्याला टेकल्या. पूर्वी त्या चौकापर्यंत जाऊन यायच्या. चालणं सुटल्याने पायातली ताकद गेली होती. डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून व्यायाम सांगितला.

"जिंकलो ना आपण?" सून म्हणाली.

"जिंकलो. पण एवढे महिने मी खिडकीत काढले, ते मला कोण देणार?"

सुनेने त्यांचा हात धरला.

तीन आठवड्यांनी शेजारचा शिंपी हातात नगरपालिकेचा कागद नाचवत दुकानात शिरला. "वहिनी, वा! तुमच्या दारातली ब्याद माझ्या दारात ढकललीत! हे बघा."

चष्मेवालीने कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला. "भाऊ, आधी शेवटची ओळ वाचा. तीस दिवसांत हरकत नोंदवा, असं लिहिलंय."

"मग?"

"मग काय? मला अशी चिठ्ठी आली असती, तर आई आज चौकापर्यंत चालत गेल्या असत्या."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "त्यांना बसव. आणि दाराची मापं घेऊन यायला सांग, अंदाजे नको."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली दुकान बंद करून शिंप्याला नगरपालिकेत घेऊन गेली. कारकुनाने तिला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"पुन्हा तुम्ही?"

"मी नाही, हे. यांची हरकत आहे. पोच द्या. आणि नकाशा काढू नका, साहेब, मला तो आता तोंडपाठ आहे."

त्याने मुकाट्याने शिक्का मारला.