गोड राहिलेलं दूध

मित्रांनो, माझं झाकण उघडताना जरा जपून, बिजागरी निखळली आहे. आत डोकावलात तर जस्ताचा काळवंडलेला पत्रा दिसेल आणि कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. मी जुनी बर्फाची पेटी आहे. बर्फ पाहून मला कितीतरी वर्षं झाली. तुमच्यासारखं कुणी येऊन बसलं की मी बोलतच सुटते, कारण या कोठीत एरवी कुणी फिरकत नाही.

माझा जन्म हैदराबादचा. तेव्हा निजामाचं राज्य होतं. कल्लप्पा सुतारानं सागवानाच्या फळ्या तासून मला घडवलं. बाहेर लाकूड, आत पत्रा आणि दोन्हींच्या मध्ये ठासून भरलेला भुसा. वरच्या कप्प्यात बर्फ, खालच्या कप्प्यात जिन्नस आणि वितळलेलं पाणी जायला तळाशी तोटी. काम संपल्यावर कल्लप्पा माझ्यावरच बसला आणि विडी पेटवत म्हणाला, "आता हिच्यात उन्हाळा शिरत न्हाई." ती माझी पहिली शाबासकी. तेव्हापासून मला थोडा गर्वच चढला.

बिदरच्या श्रीपतरावांनी मला विकत घेतलं आणि आगगाडीनं घरी आणलं. ते डाळीचे व्यापारी. त्यांच्या पत्नीचं, गीताबाईंचं, पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं आणि तेव्हापासून त्या खंगत चालल्या होत्या. वैद्यांनी शेळीचं दूध सांगितलं होतं. ते द्यायला नौबादची नागूबाई रोज सकाळी येई. दारात शेळी बांधून ती धार काढी आणि दूध लगेच चुलीवर चढवी, कारण बिदरच्या उन्हाळ्यात कच्चं दूध दुपार गाठत नसे. ते उतू जाऊ नये म्हणून दोघी चुलीपाशी बसून राहत. दोघींचं माहेर एकच, जवळचं मेहकर गाव. तिथल्या विहिरी, तिथली भांडणं, कोण कुणाच्या घरात दिली, सगळं निघे. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. गीताबाई दिवसभरात हसत त्या तेवढ्याच.

हे मी जेमतेम आठवडाभर, बर्फाची सोय होईपर्यंत, पाहिलं. मग ते बंद झालं, आणि त्याला कारण मी.

तापवलं की दुधातली ताकद मरते, कच्चंच अंगी लागतं, असं श्रीपतरावांना बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. पण कच्चं टिकवायचं कसं? त्यासाठीच तर मला आणलं होतं. बायकोवर त्यांचा जीव होता, फक्त जीव लावायची रीत दुकानदाराची होती. चांगला माल आणायचा आणि नीट ठेवायचा. हैदराबादहून आठवड्यातून दोनदा गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी गाडीनं येऊ लागली.

ते नागूबाईला म्हणाले, "आता रोज कामून यायलीस? बर्फ येईल त्या दिवशी चरवी भरून आण. पेटीत तीन-चार दिस गोड राहतंय."

नागूबाईनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. "तापवूनच द्या, अण्णा, अक्काला," ती म्हणाली. "माझ्या एका शेळीनं परवा गाभ टाकलाय. आमी तर कच्चं तोंडाला लावत न्हाई."

"नासतंय व्हय ते, तापवायला?" श्रीपतराव हसले आणि त्यांनी माझ्या झाकणावर थाप मारली. मलाही ती थाप आवडली. खोटं कशाला बोलू?

पुढचे दोन महिने माझे कौतुकाचे होते. शेजारीपाजारी मला बघायला येत, आत हात घालून बघत आणि "अगं बया, केवढं गार!" म्हणून हात मागे घेत. तिसऱ्या दिवशीसुद्धा दूध फाटत नसे. मला वाटे, या घरात माझ्याएवढं उपयोगाचं कुणी नाही.

मित्रांनो, दुधात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. उन्हाळ्यात ते भराभर वाढतात आणि दूध आंबवतात. माझ्या गारव्यात त्यातले बहुतेक हातपाय आखडून पडून राहत. पण मरत नसत. काहींना तर गारवाच मानवे. ते हळूहळू वाढत, म्हणून चौथ्या दिवशी दूध आंबट न होता किंचित कडू लागे. आणि आजारी शेळीच्या अंगातून आलेले जीव वाढतही नसत, मरतही नसत, तसेच टिकून राहत. हे सगळं मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी नुसती मिरवत होते.

"कडू लागायलंय," गीताबाई एकदा म्हणाल्या.

"तुझ्या तोंडालाच चव न्हाई," श्रीपतराव म्हणाले आणि दुकानाला गेले.

बर्फाच्या दिवशी नागूबाई येई, पण चुलीपाशी काही काम उरलं नव्हतं. ती चरवी रिकामी करी, "येते अक्का" म्हणे आणि निघून जाई. तिची पाठ वळली की घर गप्प होई. गीताबाई दुपारी माझ्याजवळ येऊन उगीच उभ्या राहत. आम्ही दोघीच. त्यांना बोलायचं असे आणि मला बोलता येत नसे.

मग त्यांना ताप येऊ लागला. संध्याकाळी चढे, पहाटे घामानं अंग भिजवून उतरे. आठ दिवस जाई आणि पुन्हा येई. सांधे एवढे दुखत की कूस बदलवत नसे. हिवताप समजून क्विनाइन दिलं, तरी गुण येईना. गीताबाईंना उठून बसणंही होईना, तेव्हा श्रीपतरावांना कुणावर तरी राग काढायचा होता. नागूबाई चरवी घेऊन आली तशी त्यांनी तिला दारातच अडवलं.

"काय कालवलीस दुधात? पुन्हा ह्या उंबऱ्याला पाय लावू नको!"

तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी तुमाला सांगितलं व्हतं," एवढं ती म्हणाली असती तरी पुरे होतं.  पण भरलेली चरवी डोक्यावर घेऊन ती परत गेली. मला फार लाज वाटली, मित्रांनो. तिनं बजावलं होतं याला साक्षीदार तिथं मीच होते, आणि मी लाकडाची.

त्याच सकाळी थोड्या वेळानं सरकारी दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर गुरुपादय्या आले. आधीच्या खेपेचं उरलेलं दूध तेव्हाही माझ्यात होतं आणि तेच गीताबाईंना मिळत होतं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "खायला काय देता? दूध कुणाचं?"

"शेळीचं," म्हणत श्रीपतरावांनी त्यांना माझ्याकडे आणलं. "बघा डॉक्टर, चौथा दिस हाय. कच्चंच हाय, तरी नासलं न्हाई."

डॉक्टरांनी वास घेतला. "नासलं असतं तर बरं व्हतं, श्रीपतराव. तुमी फेकून तरी दिलं असतं."

श्रीपतरावांना काही समजेना.

"थंडीनं रोगाचे जीव मरत न्हाईत," डॉक्टर म्हणाले. "निजतेत. पोटात गेले की उठतेत. त्यांना विस्तवच पायजे. हा ताप शेळीच्या कच्च्या दुधातून येतोय. कुठल्या शेळीनं गाभ टाकला व्हता का, इचारलं का दूधवालीला?"

श्रीपतरावांचा हात माझ्या झाकणावर होता. तो त्यांनी काढून घेतला. 

"इचारायची गरजच न्हाई पडली," ते म्हणाले. "तिनं आपणहून सांगितलं व्हतं. मी हसलो."

आतल्या खोलीतून गीताबाईंचा हुंदका ऐकू आला.

या तापावर खात्रीचं औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. विश्रांती, तापवलेलं दूध आणि उशाशी माणूस. जगतील की नाही हे पुढच्या दोन महिन्यांत कळेल. ते गेल्यावर श्रीपतरावांनी माझ्यातलं दूध मोरीत ओतलं, आणि टोपीसुद्धा न घालता ते नौबादला निघाले.

दुपारी ते नागूबाईला घेऊन आले. गल्लीतले लोक बघत असताना ते दारात तिला म्हणाले, "माझं चुकलं, नागूबाई."  आजारी शेळी तिनं आता वेगळी बांधली होती. चांगल्या शेळीचं दूध तिनं सोबत आणलं होतं.

"चूल पेटवा आधी," ती म्हणाली, आणि दूध चुलीवर चढवून ती गीताबाईंच्या उशाशी जाऊन बसली.

ती रोज आली. कधी कधी रात्रीही राहिली. दोन महिने गेले, मग तिसरा. दिवाळीच्या सुमारास गीताबाई भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत चालत आल्या. दोघींचं हसणं मला ऐकू आलं. पण तोवर बर्फ बंद झाला होता आणि मला या कोठीत हलवलं होतं, त्यामुळे त्या कशाला हसल्या ते कळलं नाही. पुढे माझ्यात डाळ भरली, मग रिकामी पोती. राज्य बदललं, माणसं बदलली, मला विकायचंही कुणाला सुचलं नाही.

मला रागावून कुणी काही बोललं नाही, हेच अजून सलतं.

आता तुमच्या घरी माझ्याहून देखण्या, विजेवर चालणाऱ्या पेट्या येतील. खुशाल वापरा, त्यांची निगा राखा. पण गार आणि गोड आहे म्हणून कच्चं दूध पिऊ नका, खळखळून उकळा. आणि घरात कुणी आजारी असेल तर त्याला आमच्यासारख्यांच्या भरवशावर टाकून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा. ते काम मला कधीच जमलं नाही.