मागच्या काचेचं हँडल

‘सूर्य उगवला गो खारीच्या बांधावं,
हलद उतरली गो नवरीच्या खांद्यावं…’

हरेशच्या कानात आईचा आवाज अजून त्याच्या लहानपणीचाच होता. लग्नाच्या मांडवातून निघायचा आणि मिठागरं ओलांडून पार खाडीच्या पाण्याला जाऊन टेकायचा. गाडीच्या डॅशबोर्डच्या खणाचे स्क्रू काढताना तो आवाज आठवला, आणि त्याचा हात घसरला. स्क्रू सीटखाली गेला. तो तसाच गुडघ्यांवर बसून चाचपडत राहिला.

वर गॅलरीत त्याच्या आई, मालतीबाई, बसल्या होत्या. एकेक श्वास दोरीनं विहिरीतून ओढल्यासारखा घेत होत्या.

आज संध्याकाळी उरणला नातीची, हरेशच्या बहिणीच्या रंजिताची, हळद होती. आगऱ्यांच्या मांडवात धवलारीण लग्नाचे धवले गायला बसल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, आणि पंचक्रोशीतल्या किती नवऱ्या मालतीबाईंच्या धवल्यांवर उभ्या राहिल्या त्याला गणती नव्हती. रंजितानं फोनवर निक्षून सांगितलं होतं, आजीनं धवला उचलला तरच मी पाटावर बसेन. डॉक्टर म्हणाले होते, धुळीपासून सांभाळा. आणि कळंबोलीहून उरणची वाट म्हणजे लोखंडाच्या ट्रकांची रांग, वर तांबडी धूळ.

हरेशनं सगळा जीव एकाच गोष्टीवर लावला होता. धुळीचा एक कण न लागता आई मांडवात पोचली, तर तिचा दम पुरेल. नाही पोचली तर… त्यापुढे तो जातच नव्हता.

गेल्या थंडीत तिला धाप लागू लागली, तेव्हाच त्यानं ही एसीची जुनी गाडी घेतली. दवाखान्याच्या रोजच्या फेऱ्या हिच्यातूनच व्हायच्या. गाडीत बसलं की आई मागची काच खाली करायची. धूल येते गं आये, म्हणून तो वर करायचा, ती पुन्हा खाली. शेवटी वैतागून त्यानं तिच्या बाजूचं हँडलच काढून डिकीत टाकलं. त्यानंतर ती काही बोलली नाही. आता एसीतून वारा धड येईना. गॅरेजवाला म्हणाला, आतली हवेची जाळी तुंबली आहे, नवी इथं मिळत नाही, थांबा. थांबायला वेळ कुणाकडे होता?

‘‘काय हरेशशेठ,’’ तळमजल्यावरचे जयप्रकाश पेपर घेऊन आले, ‘‘लग्नाला गाडी नेताय की तिचे पार्ट?’’

हरेश हसला नाही. जयप्रकाशांनी वर गॅलरीकडे पाहिलं आणि चप्पल न वाजवता आत गेले.

खण सुटून हातात आला. मागे एक अरुंद झाकण होतं. ते उघडून त्यानं जाळी ओढली. तांबडी धूळ अंगावर सांडेल म्हणून तोंड फिरवलं होतं, पण काहीच सांडलं नाही. कागदाच्या घड्या काळ्या, चिकट, एकमेकींना धरून बसलेल्या. त्यानं नखानं खरवडलं. बोट नाकाशी नेलं.

ऊद. धूप.

रोज सकाळी आईला बसवण्याआधी तो गाडीच्या काचा बंद करायचा, डॅशबोर्डवरच्या देवापुढे धूप लावायचा आणि एसीचा पंखा सोडायचा. गाडीभर देवाचा वास फिरला की मग दार उघडायचा. चल आये, बस.

त्यानं जाळी मांडीवर ठेवली, काळं बोट पुन्हा हुंगलं.

मग उठून वर गेला. मऊ, झिरझिरीत कापड हवं म्हणाला. मालतीबाईंनी आपलं धुवून धुवून पातळ झालेलं लुगडं पुढे केलं.

‘‘काय निंगाला रं आतून?’’

‘‘धूल. लोखंडाची.’’

त्यांनी त्याच्या काळ्या बोटांकडे पाहिलं. नाकपुड्या जराशा हलल्या. लुगड्याचा काठ दातात धरून त्यांनी टर्रकन फाडला आणि तुकडा त्याच्या हातात दिला.

त्यानं जुना कागद चौकटीतून उपटून टाकला, चौकट साबणानं घासली, उन्हात धरली, लुगड्याच्या सैल घड्या घालून सुईदोऱ्यानं टाचल्या. एक कोपरा बसेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबताना त्याच्या तोंडून, बस गं बाय, बस, असं निघत होतं. बसला. पंखा लावला, एसीच्या झरोक्यांपुढे हात फिरवला. वारा आला. कसलाच वास नव्हता त्याला.

वरून फोनची घंटा ऐकू आली. बहिणीचाच असणार. हळद वाटून झाली असेल, बायका जमल्या असतील.

मालतीबाई जिन्यात थांबत थांबत उतरल्या. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसांत अबोली. गाडीपाशी आल्या आणि रोजच्यासारख्या दारापासून दोन हात लांब उभ्या राहिल्या. पदर नाकावर घेतला.

हरेश बघत राहिला. इतके महिने त्याला वाटत आलं होतं, देवापुढे आई पदर घेते.

त्यानं धुपाची डबी उचलली, कचऱ्याच्या डब्यात टाकली. डिकी उघडली. जॅकखालून हँडल शोधून आणलं आणि मागच्या दाराला ठोकून बसवलं.

गाडी कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या बाहेर पडली. मालतीबाईंनी हँडल सावकाश फिरवलं, काच बोटभर खाली आली. धूळ आत आली. मागून अगदी हलका सूर निघाला, सूर्य उगवला गो खारीच्या बांधावं. दुसरी ओळ खांद्यापर्यंत पोचली नाही. हळदीपाशीच तुटली. धाप लागली, मग हळूहळू बसली.

हरेशनं गाडी कडेला घेतली. मागे वळून बघवेना, म्हणून त्यानं आरशात पाहिलं.

‘‘आये, धूल नव्हती ती.’’

‘‘ठावं हाय मना.’’

एक ट्रक गेला, मग दुसरा. मालतीबाईंनी पदरानं ओठ पुसले.

‘‘मना तो धूप कदीच सोसला नाय, पोरा. पन तू डोलं मिटून माझ्याच दमासाठी हात जोरायचास. तुला कसा सांगू?’’